हेडफोन न लावता फोनवर एफएम लावता येतं का?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

प्रश्न छोटा आहे, पण चार दिवस डोकं खातोय. आईला नवीन फोन घेऊन दिला. खोक्यावर 'एफएम रेडिओ' लिहिलेलं वाचूनच घेतला होता, कारण तिचा जुना रेडिओ आता बोलतो कमी आणि खोकतो जास्त. फोनवर एफएम उघडलं की पडद्यावर हेडफोनचं चित्र येतं आणि खाली एक ओळ: हेडसेट जोडा, तो अँटेना म्हणून वापरला जातो. पुढे काहीच नाही. कुठलंही बटण दाबा, तीच ओळ.

आई दोन्ही कानांत श्रवणयंत्र लावते, त्यामुळे इअरफोन कानात घालायचा प्रश्नच येत नाही. तिला आवाज स्पीकरवर हवाय, खोलीभर ऐकू येईल असा. एखादं सेटिंग, एखादं अ‍ॅप, काही युक्ती? वायरशिवाय फोनवर एफएम कुणी ऐकतंय का?

खटपट्या

यात काय अवघड आहे? प्ले स्टोअरवर 'एफएम विदाउट हेडफोन' असं शोधा, ढिगानं अ‍ॅप मिळतील. मी वर्षभर एक वापरतोय. वायर लागत नाही, आवाज काचेसारखा स्वच्छ, खरखर नावाला नाही.

सांजवारा

इंटरनेट बंद केल्यावर चालतं का ते? आईच्या फोनमध्ये डेटा बहुतेक वेळा बंदच असतो.

खटपट्या

थांबा, बघून सांगतो.

नाही चालत. वर्तुळ फिरत राहिलं. म्हणजे मी वर्षभर रेडिओ ऐकतच नव्हतो की काय!

तारायण

ऐकत होतात, पण हवेतून नव्हे, नळातून. :)

अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या अ‍ॅपना फोनमधल्या एफएम रिसीव्हरशी बोलायची सर्वांसाठी खुली अशी वाट ठेवलेलीच नाही. फोन बनवणारा स्वतःचं अ‍ॅप आत घालून देतो, तेच त्या चिपशी बोलतं. प्ले स्टोअरवर 'हेडफोनशिवाय एफएम' म्हणून मिरवणारी जवळपास सगळी अ‍ॅप्स स्टेशनचं इंटरनेटवरचं प्रक्षेपण ओढतात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला एफएम म्हणू नये. १२८ केबीपीएसचा प्रवाह असेल तर तासाला ५७-५८ एमबी डेटा जातो. शिवाय आवाज मूळ प्रक्षेपणाच्या मागे रेंगाळतो. वेळेचे टोले ऐकून घड्याळ लावणारे कुणी उरले असतील तर त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता फोन हेडफोन का मागतो ते. एफएमचा पट्टा बहुतेक देशांत ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी भरते ३ मीटर. अँटेना धड चालायचा तर त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास असलेला बरा. आता फोन उभा धरून मोजा: पंधरा-सोळा सेंटिमीटर. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिचा चौथा हिस्सा तीन सेंटिमीटरच्या घरात. तो फोनच्या कडेला आरामात बसतो. गंमत अशी की कित्येक फोनमध्ये वाय-फाय, ब्लूटूथ आणि एफएम ही तिन्ही एकाच चिपमध्ये असतात. पहिल्या दोघांचं घरात भागतं, तिसऱ्याला अंगण लागतं.

हेडफोनची वायर साधारण सव्वा मीटरची. तिच्यातली ग्राउंडची, म्हणजे आवाजाच्या परतीची तार दोन नोकऱ्या करते: आवाजाची वाट पुरी करते आणि अँटेनाही होते. गाण्याचा आवाज २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, आणि स्टेशनची लहर दहा कोटी हर्ट्झच्या आसपास. दोघांत इतकं अंतर असल्यामुळे त्यांना वेगळं करणं सोपं जातं. जॅकपाशी फेराइटचा बारीकसा मणी बसवलेला असतो. तो आवाजाला जाऊ देतो आणि रेडिओच्या लहरीला अडवतो. अडवलेली लहर बाजूच्या कॅपॅसिटरमधून रिसीव्हरकडे वळते.

तेव्हा सांजवारा ताई, फोन हेडफोन मागतोय असं दिसत असलं तरी त्याला हवी आहे वायर. कुठलाही तारेचा हेडफोन खोचा, तो टेबलावर पडू दे, कानात घालू नका. एफएम सुरू झालं की त्याच अ‍ॅपमध्ये स्पीकरचं चिन्ह किंवा मेनूत 'स्पीकरवर वाजवा' सापडेल. आवाज खोलीभर येईल.

सांजवारा

अरेच्चा, स्पीकरचं चिन्ह होतंच की वर कोपऱ्यात! माझा हेडफोन लावून बघितला, वाजलं. आई खूश. पण हेडफोन माझा आहे, आणि ती तो सारखा गुंडाळून ठेवते. 'पसारा दिसतो' म्हणते. गुंडाळला की खरखर सुरू.

निवांत

गुंडाळल्यावर खरखरणारच. वेटोळं केलं की सव्वा मीटरची वायर असूनही नसल्यासारखीच. सरळ सोडायला सांगा.

कुंपणावरचा

तारायण यांचं भौतिकशास्त्र बरोबर असेल, पण मूळ मुद्दा पैशांचा आहे. एफएम फुकट चाललं तर डेटा कोण जाळणार? कंपन्या मुद्दाम चिप बंद ठेवतात. हेडफोनची अट हाही त्यातलाच प्रकार.

तारायण

दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय.

चिप असून ती न जोडणं किंवा सॉफ्टवेअरमधून बंद ठेवणं, हे होतं. त्यावरून सरकारांनी कानही पिळलेत. भारताच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं २०२३ मध्ये उत्पादकांच्या संघटनांना सूचनापत्र धाडलं की ज्या फोनमध्ये एफएम रिसीव्हर आहे त्यात तो बंद ठेवू नका, आणि कारण दिलं आपत्तीचं. पूर-वादळात मोबाइलचे मनोरे झोपले तरी दूरवरचं एक प्रक्षेपण केंद्र उभं असेल तर रेडिओ बोलत राहतो. अमेरिकेतही २०१७ च्या चक्रीवादळांनंतर तिथल्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी अ‍ॅपलला जाहीरपणे हेच सांगितलं. त्यावर अ‍ॅपलचं उत्तर होतं की आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि त्यासाठीचा अँटेनाही नाही, त्यामुळे चालू करण्यासारखं काही नाही. म्हणजे आयफोनवाल्यांनी या धाग्यात वेळ घालवू नये, असं मीच सुचवतो.

हेडफोनची अट मात्र कट नव्हे. ती काढली तरी ऐकायला येईल ती खरखरच.

आजोबा_ऑनलाइन

अँटेना फोनच्या आत बसतच नाही असं नाही हं. माझ्याकडे नोकियाचा ५०३० होता, २००९ सालचा. बटणांचा, कडेला रेडिओसाठी वेगळी बटणं. हेडफोन न लावता स्पीकरवर एफएम वाजायचं. हातातून चार वेळा पडला, पाचव्यांदा मी पडलो आणि तो वाचला. आताही बटणांच्या फोनवर 'वायरलेस एफएम' लिहिलेलं दिसतं: नोकियाचा २०२० मधला नवा ५३१०, नंतरचा ११० फोरजी. दीड-दोन हजार स्टेशनं असलेल्या अ‍ॅपपेक्षा मला तो एकच कडकडीत निवेदक बरा वाटतो, पण ते असो.

तारायण

आजोबा, बरोबर पकडलंत. आत अँटेना बसवता येतो. आखूड अँटेनाची कमाई कमी, म्हणून त्याला त्या-त्या स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीवर काटेकोर जुळवून घ्यावं लागतं, आणि दर स्टेशनला ती जुळणी बदलावी लागते. सिलिकॉन लॅब्सच्या एसआय ४७०४ आणि ४७०५ या चिप अशा आतल्या अँटेनासाठीच काढलेल्या होत्या. पण बटणांच्या फोनमध्ये कामं मोजकी, त्यामुळे आत मोकळी जागा मिळते. आजच्या स्मार्टफोनच्या कडेला चार-पाच अँटेना आधीच दाटीवाटीनं बसलेले असतात, वर कॅमेरे, मोठी बॅटरी आणि पडद्याचा गोंगाट. त्यात एफएमसाठी खोली रिकामी करायला कुणी तयार नसतं.

सोर्सकोड

सॉफ्टवेअरच्या बाजूनं थोडी भर.

अँड्रॉइडच्या खुल्या, कुणालाही वाचता येणाऱ्या कोडमध्ये एफएमरेडिओ नावाचं एक जुनं अ‍ॅप आहे. त्यात अँटेना बदलण्याचं एक फंक्शन आहे आणि त्याच्या वरच्या टिपणीत सगळी गोष्ट चार ओळींत आहे: अँटेना दोन प्रकारचे, लांब आणि आखूड. बहुतेक फोनमध्ये लांब, त्यासाठी इअरफोन खोचावाच लागतो. आखूड म्हणजे फोनमध्ये आधीच बसवलेला, त्याला इअरफोन लागत नाही. शून्य दिलं की लांब, एक दिलं की आखूड. आणि फंक्शन परत जे आकडे देतं त्यात 'जमलं', 'जमलं नाही' याच्या जोडीला 'अशी सोयच नाही' हाही एक आकडा आहे.

मी उत्साहाच्या भरात एका जुन्या फोनवर रूट वगैरे करून (म्हणजे सिस्टिमचं कुलूप तोडून) हेडफोनची तपासणी उडवून लावली होती. अ‍ॅप सुरू झालं. स्कॅन केलं तर ८७.५ पासून १०८ पर्यंत एकही स्टेशन नाही. बोट जॅकच्या भोकावर दाबून धरलं तेव्हा एक स्टेशन कण्हल्यासारखं आलं, बोट काढलं की गेलं. सेटिंग बदलून तांब्याची तार उगवत नाही, हे त्या दिवशी कळलं. फोन मात्र वॉरंटीबाहेर गेला.

मुक्काम_पोस्ट

माझ्या फोनला गोल जॅकच नाही, फक्त यूएसबी-सी. एफएम अ‍ॅप मात्र आहे. कन्व्हर्टर लावून हेडफोन जोडला तरी म्हणतो हेडसेट जोडा. कन्व्हर्टर खराब का?

तारायण

कन्व्हर्टर बहुतेक ठणठणीत असेल, जातीचा फरक आहे. यूएसबी-सीचे कन्व्हर्टर दोन तऱ्हेचे. एकात फक्त तारा असतात. फोन स्वतः आवाज तयार करतो आणि यूएसबीच्या डेटाच्या दोन तारांवरून तसाच बाहेर सोडतो. दुसऱ्यात बारकी डॅक चिप असते. फोन तिला आकडे पाठवतो आणि आवाज त्या कन्व्हर्टरमध्ये घडतो. दुसऱ्या तऱ्हेत हेडफोनची तार आणि फोनमधला एफएम रिसीव्हर यांची थेट गाठच पडत नाही. गाणी उत्तम वाजतील, एफएम उपाशी. पहिल्या तऱ्हेचा लावून बघा, पण तुमचा फोन तसा कन्व्हर्टर ओळखतो का ते आधी बघा; सगळे ओळखत नाहीत. तुमच्याच फोनच्या खोक्यात हेडफोन किंवा कन्व्हर्टर आला असेल तर आधी तो.

बेलपत्र

ब्लूटूथवर ऐकता येतं का? माझ्याकडे तारेचा हेडफोन नाहीच.

तारायण

ऐकण्यापुरतं काही फोनमध्ये येतं, पण वायर तरीही खोचावी लागते. ब्लूटूथ हे तोंड झालं, कान वेगळा लागतो. जुन्या फोनमध्ये एफएमचा आवाज चिपमधून थेट स्पीकरकडे किंवा जॅककडे जायचा, मध्ये प्रोसेसरकडे थांबायचाच नाही, त्यामुळे ब्लूटूथकडे वळवायला हातात काही नसायचं.

निळीशाई

माझी फजिती सांगते, म्हणजे कुणी तेच करणार नाही.

एक व्हिडिओ बघितला. त्यात एकानं टाचणी सरळ करून फोनच्या जॅकमध्ये खुपसली आणि एफएम सुरू! मीही केलं. खरंच सुरू झालं, दोन स्टेशनं लागली. टाळ्या. टाचणी काढली आणि त्यानंतर फोनच्या डोक्यात हेडफोन कायमचा बसला. वर पट्टीत हेडफोनचं चिन्ह, स्पीकर गप्प, गजर वाजला तर शंका. कॉल आला की समोरचा 'हॅलो हॅलो' करतोय हे मला कळायचंच नाही. आतली एक पत्री वाकली होती. दुरुस्त करणाऱ्यानं जॅक बदलला आणि वर ज्ञान दिलं की जॅकमध्ये पिन घालायची असते, टाचणी नाही.

तारायण

+१, आणि हे ठळक अक्षरांत समजा. जॅकच्या आत पातळ स्प्रिंगच्या पत्र्या असतात. पिन आत गेली की त्यातली एक सरकते आणि फोनला कळतं. टाचणी, स्टेपलरची पिन, यूपिन यांची जाडी भलती आणि टोक भलत्या जागी. ३.५ मिलिमीटरच्या भोकात ३.५ मिलिमीटरचीच पिन.

चांगला उपाय घरातच पडलेला असतो: बंद पडलेला हेडफोन. एक कान गेलेला, दोन्ही गेलेले, कसलाही. अँटेना म्हणून त्याला बोलता यायची गरज नाही. कानाची बोंडं कापून टाकली तरी चालतं. मात्र कापलेल्या टोकांशी नीट वागा. आतल्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो, ग्राउंडची तार बहुधा तांब्याच्या रंगाची. टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, प्रत्येकावर चिकटपट्टीचा वेगळा तुकडा गुंडाळा. माइकची तार ग्राउंडला टेकली की फोनला वाटतं कुणी हेडफोनचं बटण दाबून धरलंय, आणि त्याचा व्हॉइस असिस्टंट जागा होतो.

खटपट्या

हे तुम्ही आधी का नाही सांगितलं! मी काल रात्रीच कात्री चालवली. तेव्हापासून फोन दर दोन मिनिटांनी 'सांगा, काय मदत करू?' म्हणून विचारतोय. मला वाटलं रेडिओवर कार्यक्रम लागलाय.

सांजवारा

हाहाहा. खटपट्या, नाव सार्थ केलंत.

घरात एक ऑक्सची वायर आहे, दोन्ही टोकांना पिना असलेली. ती एका बाजूनं फोनला लावली आणि दुसरं टोक मोकळं सोडलं तर?

निवांत

माझ्याकडे तीच आहे आणि मस्त चालते. कापाकापी नाही, लाख खरवडणं नाही. तीन पट्ट्यांची पिन असल्यामुळे (माइकवाल्या हेडफोनच्या पिनला चार असतात) माइकची भानगडही नाही.

मोरपीस

माझ्याकडे नाही चालली. फोन ढिम्म. हेडफोन लावला की चालतं, ऑक्स लावली की 'हेडसेट जोडा'.

सोर्सकोड

मोरपीस, तुमचा फोन शहाणा आहे. काही फोन पिन आत गेल्यावर पलीकडे किती रोध आहे ते मोजतात. हेडफोन १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास भरतो. पलीकडे काहीच नसेल तर फोन म्हणतो नुसती वायर आहे, हेडफोन नाही. मी एका रिकाम्या पिनमध्ये डावा-ग्राउंड आणि उजवा-ग्राउंड असे ३३ ओहमचे दोन रेझिस्टर सोल्डर केले, आणि ग्राउंडलाच ७५ सेंटिमीटरची साधी वायर जोडली. रेझिस्टर पिनच्या टोपणात मावले. फोनला हेडफोन दिसतो, रेडिओला एरियल दिसतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर ऑक्सच्या दुसऱ्या टोकाला दोन्हीकडे भोक असलेली जोडणी लावून त्यात मेलेला हेडफोन खोचा, तेही चालेल; पण मग सरळ हेडफोनच का नको!

कुंपणावरचा

जितकी वायर लांब तितकी स्टेशनं जास्त, बरोबर ना? मी गच्चीपर्यंत नेतो.

तारायण

नेऊ नका. ७५ सेंटिमीटर ते सव्वा मीटर पुरे. फोनचा रिसीव्हर त्या मापाच्या वायरीसाठी बांधलेला असतो. खूप लांब वायर लावली की जवळच्या दणकट स्टेशनचा मारा इतका होतो की तेच तीन-तीन ठिकाणी वाजतं आणि लांबची दबून जातात. शिवाय उघड्यावर नेलेली वायर म्हणजे विजेला निमंत्रण, आणि दुसऱ्या टोकाला तुमचा हात.

लांबीपेक्षा जागा महत्त्वाची. काँक्रीट आणि सळया लहरी खातात, म्हणून खिडकी बरी. आणि भिंतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींना कुठे मारतात, कुठे उचलून धरतात. तीन मीटरच्या लहरीत मेलेली जागा आणि जिवंत जागा यांच्यात पाऊण मीटरचंच अंतर पडू शकतं.

निवांत

याचा माझ्या घरचा नमुना. टेबलाच्या डाव्या कडेला फोन ठेवला की एक स्टेशन फुसफुसतं, उजव्या कडेला सरकवला की निवेदिकेच्या श्वासापर्यंत ऐकू येतं. मध्ये एक जागा अशी आहे की मी खुर्चीत टेकून बसलो तर चांगलं आणि पुढे वाकलो तर खरखर. बायकोला वाटतं मी रेडिओ ऐकताना ताठ बसायचा व्यायाम करतो.

दुसरं म्हणजे वायर उभी टांगून बघा, मग आडवी. केंद्राच्या लहरी उभ्या आहेत की आडव्या, त्यावर फरक पडतो. आणि चार्जर! चार्जर लावला की माझ्याकडे पट्टाभर गुणगुण सुरू होते. एक एलईडी दिवा आहे, तो लावला की दोन स्टेशनं जातात. दिवा चांगला आहे, म्हणून स्टेशनं सोडली.

तारायण

खरखरीवर एक बिनखर्ची उपाय: अ‍ॅपमध्ये स्टिरिओ-मोनोचा पर्याय असेल तर मोनो करा. स्टिरिओची जादाची माहिती ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, वरच्या मजल्यावर बसवलेली असते, आणि एफएममधला गोंगाट वर जावं तसा वाढत जातो. अशक्त स्टेशनवर ती माहिती उलगडायला गेलं की सोबत सगळा कचरा खाली येतो. फोनच्या एकुलत्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला स्टिरिओ हवंय कशाला?

आणि एकही स्टेशन लागत नसेल तर सेटिंगमध्ये प्रदेश तपासा. जपानचा पट्टा ७६ पासून सुरू होतो. फोन तिथला समजून बसला असेल तर वरची स्टेशनं शोधणारच नाही.

आजोबा_ऑनलाइन

एवढी तारांची कसरत करण्यापेक्षा आईला एक छोटा रेडिओ का नाही आणून देत? ओढून लांब होणारा एरियल, एक गोल बटण आवाजाचं, एक स्टेशनचं. झालं. फोनचं काम फोनला करू दे.

सांजवारा

आजोबा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि मीही हेच म्हणाले होते. ती म्हणाली, 'दोन वस्तू दोन ठिकाणी विसरण्यापेक्षा एकच विसरेन.'

सांजवारा

आठवड्यानंतर धागा वर काढतेय, कारण निकाल सांगायला हवा.

ऑक्सची वायर चालली, आमचा फोन शहाणा निघाला नाही. तिचं मोकळं टोक पडद्याच्या दांडीला दोऱ्यानं बांधलंय, त्यामुळे वायर खिडकीशी सरळ उभी राहते आणि पसाराही दिसत नाही. फोन खिडकीच्या कट्ट्यावर. मोनो केलं. सहा स्टेशनं लागतात. सातवं फोन पालथा घातला तरच लागतं. का ते विचारायचं सोडून दिलंय, पालथा घालतो.

पण एक नवीन भानगड. रेडिओ चालू असताना फोन आला की आई उचलते आणि तिला काहीच ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी माझ्या मावशीशी पाच मिनिटं अबोला झाला, दोघींना वाटलं दुसरी रुसली. मग लक्षात आलं, आवाज वायरीत जातोय आणि वायरीच्या टोकाला पडद्याची दांडी आहे.

तारायण

हे सांगायला मी विसरलो, चूक माझी. फोनच्या लेखी हेडफोन लावलेला आहे, त्यामुळे कॉलचा आवाज तिकडे जाणार. एफएमपुरतं स्पीकरवर वळवलेलं असतं, कॉल वेगळा. तीन पट्ट्यांच्या पिनमुळे माइक फोनचाच राहतो, म्हणून मावशींना आईचं 'हॅलो' ऐकू गेलं असणार, उलट नाही. कॉल घेतल्यावर पडद्यावरचं स्पीकरचं बटण दाबायचं, किंवा उचलण्याआधी पिन ओढायची.

सांजवारा

दोन्ही दाखवलं. बटण तिला आवडलं नाही. फोन वाजला की आधी पिन उपटते, मग बोलते, मग पिन खोचून एफएम पुन्हा चालू करते. म्हणाली, 'पूर्वी फोन आला की रेडिओ बारीक करायचो, आता उपटायचा, एवढंच.'

निळीशाई

सारखी काढ-घाल केली तर जॅक सैल होईल हो. बटणच शिकवा.

सांजवारा

सांगून पाहिलं. तिचं म्हणणं, बटण दाबलं की कुणाला पत्ता लागत नाही. पिन उपटली की गाणं धाडकन बंद होतं, खोलीतले सगळे दचकून गप्प बसतात, आणि मग तिला मावशीचं नीट ऐकू येतं.